प्रकल्प नोंदी: सोलापुरातल्या पिंक फ्लॉइडच्या कॅसेटी

२ फेब्रुवारी २०२५

कामाची व्याप्ती ठरली. १९८० आणि १९९० च्या दशकांत सोलापुरात वाढलेल्या, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांकडे जे काही उरलंय ते डिजिटल करून ठेवायचं: कॅसेटी, इनले कार्ड (डबीतलं नावांचं कार्ड), पोस्टर, मासिकांतली कात्रणं आणि तोंडी आठवणी. गाणी आज कुणाच्याही फोनवर मिळतात, तीही कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. त्यामुळे गाणी वाचवणं हा उद्देशच नाही. वाचवायचंय ते गाण्याच्या आजूबाजूचं. कुठलं गाणं कुठे तुटलं, शेवटी उरलेल्या तीन-चार मिनिटांत काय भरलं, रेडिओवरून उतरवताना निवेदकाचं वाक्य कुठे कापलं, इनलेवर कुणी कुठल्या लिपीत काय लिहिलं. हे संगीत या गावात कसं पोचलं आणि हातोहात कसं फिरलं, त्याचा पुरावा तेवढाच आहे.

त्यावरून पहिला नियम. प्रत्येक बाजू सुरुवातीच्या कोऱ्या लीडर फितीपासून शेवटच्या लीडर फितीपर्यंत सलग उतरवायची. मूळ फाइलमध्ये काही कापायचं नाही, खरखर काढायची नाही, आवाज वरखाली करायचा नाही. ऐकायला सोयीची प्रत नंतर, वेगळी.

आलेल्या कॅसेटी ढोबळमानाने तीन जातींच्या आहेत: कंपनीच्या छापील, दुकानात यादी देऊन भरून घेतलेल्या, आणि घरी टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) उतरवलेल्या. तिसरी जात सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत वाईट अवस्थेत.

६ फेब्रुवारी

कॅसेट दाखल करून घेण्याची पद्धत पक्की केली.

सगळ्यात आधी वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन कान पाहायचे. शाबूत असतील तर मालकाला विचारून मोडायचे. कान असले की रेकॉर्डचं बटण दाबलं जातं, आणि चुकून दाबलं गेलं तर तेवढा भाग कायमचा गेला. पुढेमागे कुणाला ती पुन्हा भरायचीच असेल तर खाचेवर चिकटपट्टी लावली की भागतं, म्हणून मोडण्यात नुकसान काही नाही.

रिवाइंड करण्यापूर्वी कॅसेटचा फोटो काढायचा, दोन्ही बाजूंनी, खिडकीतून रिळं दिसतील असा. शेवटचं ऐकणारा माणूस कुठे थांबला होता ते त्या रिळांवरून कळतं. एकदा फीत फिरवली की ही माहिती परत मिळत नाही.

नंबराची चिठ्ठी डबीवर लावायची, कॅसेटवर नाही. उन्हाळ्यात गोंद सुटला की चिठ्ठी डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या, पोटात जाऊन बसते. कॅसेटवर आधीचं कागदी लेबल असेल तर त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक नंबर पुरे. इनलेवरची नावं मराठी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड अशा चारही भाषांत सापडतात. ती जशी आहेत तशी, त्याच लिपीत आणि त्याच शुद्धलेखनात टिपायची. दुरुस्त केलेलं नाव शेजारच्या रकान्यात. फाइलच्या नावात मात्र फक्त नंबर आणि बाजू, म्हणजे ०२७-अ, ०२७-ब.

खिडकीतून फितीची गुंडाळी नीट पाहायची. कड सपाट असेल तर ठीक. पायऱ्या दिसत असतील तर आधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मग परत आणायची. कडेवर पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. अशी कॅसेट लगेच वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, इतरांपासून लांब, कारण एका डेकमधून ती सगळीकडे पसरते.

सोलापूरची म्हणून एक खास गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पूर्व भागात खाली माग आणि वर राहतं घर अशा ठिकाणाहून आलेल्या कॅसेटींत कापसाची लव असते. ती नेमकी पुढच्या खिडकीत, फीत हेडला टेकवून धरणाऱ्या दाबपट्टीच्या फेल्टभोवती गोळा होते आणि फीत हेडपासून, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागापासून, केसभर उचलते. तेवढ्यानं वरचे सूर, म्हणजे झांजा आणि गिटारची धार, गायब होतात. कॅसेट खराब झाली असं वाटतं, पण मऊ ब्रश आणि चिमट्यानं लव काढली की आवाज उघडतो. तोंडानं फुंकर मारायची नाही. लाळेचे कण आत जातात.

१५ फेब्रुवारी

डेक तयार. ऑटो-रिव्हर्स डेक या कामाला घेऊ नये. त्यात बाजू बदलताना हेड फिरतं आणि दोन्ही दिशांना त्याचा कोन सारखा राहत नाही. एकाच दिशेनं चालणारा, दोन मोटरांचा साधा डेक चांगला.

पंधरा-वीस वर्षं बंद पडून असलेल्या डेकमध्ये बेल्ट हमखास गेलेला असतो. बरेचदा त्याचं डांबर होऊन पुलीला चिकटलेलं असतं. ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पूर्ण निघेपर्यंत पुसायचं. थोडंसं जरी राहिलं तरी नवा बेल्ट दर फेऱ्याला तिथे उडी मारतो आणि सूर डुलतो. जुना बेल्ट मोजायला उरलेला नसेल तर पुलींभोवती बेल्टच्या वाटेनं दोरा फिरवून लांबी घ्यायची आणि त्यापेक्षा साधारण ५ टक्के कमी घेराचा बेल्ट मागायचा. कॅपस्टनचा, म्हणजे फीत एकसारख्या वेगानं ओढणाऱ्या दांड्याचा, बेल्ट चपटा असतो, रिळांचा बहुधा चौकोनी. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

हेड आणि कॅपस्टनचा दांडा अल्कोहोलनं पुसायचे. फीत त्या दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र किंचित साबणाचं पाणी. वारंवार अल्कोहोल लागलं तर रबर कडक पडतं आणि फीत खायला लागतं. रोलर चकचकीत दिसत असेल तर तो घसरतोय असं समजावं.

हेडचं चुंबकत्व काढताना डेक बंद आणि कॅसेटी खोलीबाहेर. डीमॅग्नेटायझर लांबूनच चालू करायचा, हळू जवळ न्यायचा, हळू दूर आणायचा आणि हात पूर्ण लांब गेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ बंद केला तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व तिथे बसतं.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नये. लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो. चार्जर लावला की घुंईं असा आवाज येत असेल तर एक बाजू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. डेक यूपीएसवर, कारण एका बाजूच्या मध्येच वीज गेली तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून.

२० फेब्रुवारी

वेगाची तपासणी. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. बाजारातल्या स्वस्त टेस्ट कॅसेटींवर विसंबण्यात अर्थ नाही, त्यांच्यातच एक-दोन टक्के फरक असतो. पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांकडे त्याहून बरं साधन आहे. १९७१ च्या 'मेडल' अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे साडेतेवीस मिनिटांचं एकच गाणं. साडेतेवीस मिनिटं म्हणजे १,४१० सेकंद. वेगात १ टक्का चूक असली तर शेवटी १४ सेकंदांचा फरक पडतो, घड्याळावरही दिसेल इतका. छापील कॅसेटही कारखान्यात किंचित हळू-जलद भरली गेलेली असू शकते, म्हणून वेगवेगळ्या घरांतून आलेल्या प्रती लावून सरासरी घ्यायची. मोटरच्या पाठीमागे लहान भोक असतं, त्यातला स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसानं अगदी जरासा फिरवायचा.

दुसरी परीक्षा कानाची. 'विश यू वेअर हिअर' अल्बमची सुरुवात जी मायनरमधल्या लांबच लांब धरलेल्या सुरानं होते. फीत डुलत असेल तर इतकं उघडं दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. तिथे सूर स्थिर वाटला तर बेल्ट आणि रोलर ठीक. हार्मोनियम किंवा ट्यूनर लावून पाहिलं की पट्टीही कळते. अर्धा सूर वर-खाली म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के चूक.

२२ फेब्रुवारी

हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ. घरी भरलेल्या कॅसेटींत हे प्रत्येक वेळी जुळवावं लागतं, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली आहे. हेडच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो फिरवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. आवाज मोनो करून ऐकायचा आणि स्क्रू हळू फिरवत झांजा सर्वांत टोकदार ऐकू येतील तिथे थांबायचं. पाव फेऱ्याच्या आत काम होतं. तेवढ्यात जमत नसेल तर दोष कोनात नाही, फेल्टमध्ये किंवा फितीत आहे. अ आणि ब बाजूंना कोन वेगळा निघणं नेहमीचंच, तेव्हा बाजू बदलली की पुन्हा ऐकायचं.

४ मार्च

खोलण्याची आणि सांधण्याची कामं.

पाच स्क्रूंची कॅसेट सुखाची. सगळे स्क्रू काढायचे, कॅसेट आडवी ठेवूनच वरचं झाकण उचलायचं, म्हणजे बाजूचे लहान रोलर आणि त्यांच्या पिना जागेवर राहतात. स्क्रू नसलेली, वितळवून चिकटवलेली कॅसेट सांध्यावरून पात्यानं उघडावी लागते आणि ती पुन्हा बंद होत नाही. तिची फीत स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात बसवायची. मूळ कवच फेकायचं नाही, त्यावरचा मजकूर हा नोंदीचा भाग आहे.

फेल्टची दाबपट्टी गळून पडणं हा सर्वांत मोठा आजार. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटींत तो जास्त, कारण उष्णतेनं गोंद वाळून सुटतो. लक्षण: आवाज दबका, मध्येच येतो-जातो, डावी-उजवी बाजू बदलत राहते. इलाज म्हणजे दुसऱ्या जुन्या कॅसेटमधून पट्टी स्प्रिंगसकट काढून इथे लावणं. नुसता फेल्टचा तुकडा चिकटवला तर जाडी चुकते आणि फीत घासते.

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे लीडर फीत रिळाच्या खाचेतून सुटणं. खाचेतली लहान क्लिप काढून टोक पुन्हा आत दाबायचं. मध्ये तुटली असेल तर दोन्ही टोकं स्प्लायसिंग ब्लॉकमध्ये ठेवून तिरकी कापायची, एकमेकांना भिडवायची, आणि हेडला न लागणाऱ्या बाजूनं स्प्लायसिंग टेप लावायची. कॅसेटच्या फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर. टेप त्याहून जरासुद्धा बाहेर आली तर अडकते. साधी सेलोटेप कधीही नाही. तिचा गोंद सोलापूरच्या एप्रिलमध्ये पाझरतो आणि वरच्या-खालच्या वेढ्यांना धरतो. पूर्वी घरोघरी सेलोटेपनंच सांधे दिले जात, त्यामुळे असे जोड भरपूर सापडतात. जुना जोड हळू सोलायचा, गोंद अल्कोहोलनं टिपायचा, चोळायचा नाही. चोळलं की तपकिरी थर निघून खाली पारदर्शक पट्टी दिसायला लागते, आणि आवाज त्या थरातच असतो.

सी-६० ची (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांच्या कॅसेटची) फीत जाड, सी-९० ची पातळ, सी-१२० ची इतकी पातळ की ती फास्ट फॉरवर्ड करूच नये. नुसती वाजवत पुढे न्यायची.

१३ मार्च

उतरवण्याची मापं ठरली: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, वेव्ह फाइल. मिनिटाला जवळपास ३५ एमबी, म्हणजे सी-९० च्या दोन्ही बाजू मिळून सव्वातीन जीबीच्या आत. मोनो कॅसेटही स्टिरिओच उतरवायची. एका चॅनेलवर फीत खराब असली तर दुसरा उपयोगी पडतो.

लेव्हल ठेवताना पिंक फ्लॉइडची गंमत अशी की सुरुवातीवरून काहीही ठरवता येत नाही. 'डार्क साइड ऑफ द मून' ची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या. तिच्यावर लेव्हल ठेवली की त्याच अल्बममधल्या 'टाइम' गाण्यातली घड्याळं एकदम वाजतात तिथे आवाज फाटतो. म्हणून आधी घड्याळांपाशी जायचं, तिथला सर्वोच्च काटा उणे ६ डेसिबलच्या खाली बसवायचा आणि मग मागे जाऊन सुरू करायचं.

डॉल्बीची (खरखर कमी करणाऱ्या पद्धतीची) खूण इनलेवर असली तरी पहिली प्रत डॉल्बी बंद ठेवूनच. हेड किंचित मळलेलं किंवा कोन चुकलेला असेल तर डॉल्बी ती चूक वाढवून दाखवतो, आणि एकदा तसं उतरवलं की मागे येता येत नाही.

२३ मार्च

आजची नोंद लांब आहे, कारण या कामात बँड माहीत असलेल्या माणसाची गरज इथेच लागते. फितीचा दोष कुठला आणि मूळ ध्वनिमुद्रणातलीच करणी कुठली, हे यंत्र सांगू शकत नाही.

'विश यू वेअर हिअर' हे शीर्षकगीत सुरू होण्याआधी रेडिओचं बटण फिरवल्यासारखा आवाज येतो, आणि पहिली गिटार लहानशा स्पीकरमधून आल्यासारखी बारीक, चिरकी ऐकू येते. नवशिक्या माणूस इथे ॲझिमथचा स्क्रू फिरवायला लागतो किंवा दाबपट्टी गेली असं लिहून ठेवतो. दोष काही नाही, ते मुद्दाम तसं केलेलं आहे. दुसरी, जवळची गिटार आली की तिथे वरचे सूर आहेत का ते पाहायचं.

'द वॉल' च्या अगदी सुरुवातीला मंद वाजणारं वाद्य आणि पुटपुटलेले अर्धवट शब्द आहेत. अल्बमच्या शेवटी वाक्य अर्धवट तुटतं आणि त्याची दुसरी बाजू या सुरुवातीच्या शब्दांत आहे, म्हणजे शेवट पुन्हा पहिल्या टोकाला जोडला जातो. सॉफ्टवेअरला शांत भाग आपोआप कापायला सांगितलं तर नेमकं हेच जातं. तो पर्याय कायमचा बंद. 'डार्क साइड' चे सुरुवातीचे आणि शेवटचे ठोकेही तसेच जातात.

उलट, शांत भागात पुढच्या गाण्याची अस्पष्ट सावली आधीच ऐकू येत असेल तर तो बहुतेक फितीचा दोष. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या फितीच्या एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, सी-९० मध्ये जास्त. उतरवण्याआधी फीत दोन-तीन वेळा पूर्ण पुढे-मागे फिरवली की तो काहीसा उतरतो.

'मनी' च्या सुरुवातीची नाणी आणि गल्ल्याचा खडखडाट यांत जोड ऐकू आले तर तेही मूळचेच. प्रत्येक आवाजाची फीत मोजून, सारख्या लांबीची कापून, जोडून तिचं गोल वेटोळं यंत्रावर फिरवलेलं आहे. सात मात्रांची चाल तिथून सुरू होते. स्प्लायसिंग शिकणाऱ्या पोरांना हा तुकडा जरूर ऐकवावा. पट्टी आणि ब्लेडनं केवढं काम होतं ते कळतं.

आता घरी भरलेल्या कॅसेटी. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची. 'डार्क साइड' सुमारे ४३ मिनिटं, 'विश यू वेअर हिअर' सुमारे ४४. म्हणून एका सी-९० वर एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, ही जोडी गावभर सापडते. पण दुसरा अल्बम अगदी काठोकाठ बसतो. भरताना बटण थोडं लवकर दाबलं गेलं, किंवा कोरी कॅसेट मुळातच आखूड निघाली, तर शेवटचे सूर जातात. आणि त्या विरत जाणाऱ्या शेवटातच बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटनं बँडच्या जुन्या 'सी एमिली प्ले' ची धून हळूच वाजवली आहे, बँड सोडून गेलेल्या सुरुवातीच्या गायकाची, सिड बॅरेटची, आठवण म्हणून. अशी कॅसेट ऐकत मोठा झालेल्या माणसाला ती धून कित्येक वर्षं माहीतच नसते. म्हणून या बाजूचा शेवट कुठल्या सेकंदाला तुटला ते प्रत्येक कॅसेटसाठी टिपायचं. एकाच ठिकाणी तुटलेल्या दोन कॅसेटी सापडल्या तर एक दुसरीवरून उतरवलेली आहे असं धरायला जागा आहे. कुणाकडून कुणाकडे कॅसेट गेली त्याचा नकाशा अशाच खुणांवरून बनतोय.

अशीच दुसरी खूण टू-इन-वनची. त्यातली लेव्हल आपोआप ठरते. 'टाइम' ची घड्याळं वाजली की आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो. ठोक्यांच्या जागी उलट होतं: यंत्र शांतता ओढून वर आणतं, ठोके मोठे आणि त्यांच्यामागे खरखरीचा पूर. हे ऐकू आलं की कॅसेट चांगल्या डेकवर नाही, टू-इन-वनवर भरलेली. स्पीकरसमोर माइक धरून भरलेली असेल तर आवाज मोनो आणि मध्येच कुकरची शिट्टी, फेरीवाल्याची हाळी. ते सगळं ठेवायचं, आणि वेळेसह यादीत लिहायचं.

६ एप्रिल

रेडिओवरून उतरवलेल्या कॅसेटी. शॉर्टवेव्हवरची बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ओळखायला सोपी: आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, शेजारच्या स्टेशनची शिट्टी मिसळते. तासाचे सहा ठोके कॅसेटवर आले असतील तर ते सोन्याच्या मोलाचे. पहिले पाच ठोके ०.१ सेकंदाचे, शेवटचा अर्ध्या सेकंदाचा, सगळे १ किलोहर्ट्झचे. पहिल्याच्या सुरुवातीपासून सहाव्याच्या सुरुवातीपर्यंत बरोबर ५ सेकंद. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा लांब ठोका निवडून स्पेक्ट्रम काढायचा. १,००० च्या जागी १,०२० दिसलं तर कॅसेट २ टक्के जलद वाजतेय. आपला डेक आधीच जुळवलेला असल्यानं ही चूक भरणाऱ्या यंत्राची. लहान ठोके यासाठी वापरू नयेत, इतक्या थोड्या वेळात मोजमाप जाडंभरडंच येतं.

विजेच्या घुंईवरून वेग काढण्याचा उपाय युरोपातल्या फितींना लागू पडतो. आपल्याकडे त्या काळी ग्रीडची वारंवारता ५० हर्ट्झच्या बरीच खाली घसरायची, विशेषतः संध्याकाळी. तिच्यावर भरवसा नको.

ठोक्यांवरून दिवसाची वेळही लागते. निवेदक सांगतो ती ग्रीनिच वेळ, सोलापूरचं घड्याळ साडेपाच तास पुढे.

२० एप्रिल

उन्हाचा त्रास सुरू. दुपारी खोलीत कॅसेट उतरवणं बंद, फक्त पहाटे ते सकाळी १०. तापलेल्या खोलीत पिंच रोलर मऊ पडून फीत ओढतो, आणि पंखा लावला तर धूळ. कॅसेटी गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवून आणू नयेत, हे सगळ्यांना कळवलं. कवच वाकलं की रिळं घासतात आणि चीं असा आवाज येतो.

४ मे

कागद. इनले कार्ड ६०० डीपीआयवर, मासिकांची पानं ४०० वर, टिफ फाइल. स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतात. त्या ओढायच्या नाहीत, मागून टोकं सरळ करून काढायच्या. छापील फोटोवर जाळी उमटते, ती स्कॅन करताना घालवण्याचा पर्याय मूळ प्रतीत बंद. पोस्टर स्कॅनरवर मावत नाही. भिंतीला समांतर कॅमेरा स्टँडवर, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. भिंतीवरून ओढून काढलेल्या पोस्टरच्या पाठीला चुन्याचा पोपडा आणि फेविकॉल असतो. तो खरवडायचा नाही. लॅमिनेशन कुणीही करू नये. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही.

१८ मे

तोंडी आठवणी ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. पंखा आणि कूलर बंद, म्हणून हेही पहाटेच. बोलणाऱ्याच्या हातात त्याचीच कॅसेट द्यायची आणि आधी इनले वाचायला लावायचा. नुसतं 'सांगा तुमच्या आठवणी' म्हटलं की लोक अल्बमचं कौतुक सांगतात, जे पुस्तकांत आहेच. 'ही कुणाची मूळ, कुठल्या यंत्रावर भरली, कॅसेट कुठून घेतली, बदल्यात काय दिलं' असं विचारलं की खरं हाती लागतं: नव्या पेठेतून घेतलेली कोरी कॅसेट, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईहून आलेला मामेभाऊ, वसतिगृहातली अदलाबदल.

तारखा पक्क्या करायला टेकू लागतात. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, सोलापुरात कुणी विसरलेलं नाही. 'भूकंपाच्या आधी की नंतर' हा प्रश्न वर्ष विचारण्यापेक्षा चांगला. त्याला अल्बमचं वर्ष जोडायचं: 'द फायनल कट' १९८३, 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' १९८७, 'द डिव्हिजन बेल' १९९४. 'डिव्हिजन बेल' भूकंपाच्या आधी ऐकला असं कुणी म्हणालं तर आठवण खोटी ठरवायची नाही. बहुतेकदा दोन कॅसेटी मनात एक झालेल्या असतात, तेव्हा पुन्हा इनलेकडे वळायचं.

'पिंक फ्लॉइडला मुंबईत पाहिलं' अशी आठवण वारंवार येते. पिंक फ्लॉइड हा बँड भारतात कधीच वाजला नाही. बँडमधून बाहेर पडलेला रॉजर वॉटर्स २००२ मध्ये बंगळूरला आणि २००७ मध्ये मुंबईला वाजवून गेला. नोंदीत बोलणाऱ्याचे शब्द तसेच, आणि शेजारी कार्यक्रमाचं बरोबर नाव.

८ जून

पाऊस सुरू होण्याआधी बांधाबांध. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, काढून यादीत लिहिला. प्रती तीन: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी गावाबाहेर. दर सहा महिन्यांनी चेकसम ताडून पाहायचे.

काय खुलं करायचं तेही ठरलं. ध्वनिमुद्रणावर भारतीय कायद्यानं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे १९७३ चा अल्बम २०३३ अखेरपर्यंत. त्यामुळे कॅसेटींच्या फाइली फक्त संग्रहात. मुलाखती, इनलेचे फोटो आणि घरगुती आवाजांची यादी मालकाच्या लेखी संमतीनं खुली.

कॅसेटी मालकांना परत करताना पूर्ण रिवाइंड केलेल्या, डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. घरी पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या, स्पीकर आणि मिक्सरच्या मोटरपासून लांब, माळ्यावर नाही. वर्षातून एकदा साध्या वेगानं पूर्ण वाजवून परत फिरवायच्या. बुरशीच्या पिशवीतल्या कॅसेटी अजून बाकी आहेत. त्यांच्यासाठी दुसरा डेक लागेल, तो मिळेपर्यंत त्या बंदच राहतील.